कोपऱ्यातला आवाज

बायकोची अट एकच होती. स्वयंपाकघराची जमीन तिच्या भावानेच करायची.

मुलीची अट वेगळी होती. "बाबा, आईला त्या घरात परत पाठवायचं तर खालची जमीन दगडासारखी पक्की पाहिजे. नाहीतर तुम्ही दोघंही माझ्याकडेच राहा, कायमचे. मला पुन्हा तसला फोन नकोय."

तो फोन मीच केला होता. बायको पातेलं घेऊन ओट्याकडून मागच्या दाराकडे निघाली होती. दाराजवळची फरशी एका बाजूने खाली गेली, दुसऱ्या बाजूने वर आली आणि बायको आडवी झाली. खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं. त्यानंतर ती मुलीकडेच होती आणि वॉकर धरून तिथल्या खोलीत फेऱ्या मारत होती. मुलीच्या घराला नावं ठेवायला जागा नाही. जावईही मायाळू आहे. पण बायको फोनवर म्हणायची, "अहो, इथे चिमूटभर मीठ हवं असलं तरी विचारावं लागतं हो." एवढंच म्हणायची. त्यापुढे ती मुलीच्या मुलांच्या अभ्यासाबद्दल बोलायची आणि मी ऐकत राहायचो.

तिचा भाऊ सत्तरी ओलांडलेला आहे, तरी ती त्याला धाकट्याच म्हणते. आयुष्यभर त्याने लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या. काही वर्षांपूर्वी काम सोडलं. का सोडलंस म्हणून विचारलं तर गुडघ्यांवर थाप मारून म्हणायचा, "हे कुरकुरतात." बहिणीचं काम म्हटल्यावर मात्र दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन दारात हजर. पिशवीत थापी, ओळंबा, गुण्या, छिन्नी, हातोडी आणि गुंडाळी केलेली लांब पारदर्शक नळी.

"भाऊजी!" तो दारातूनच ओरडला. त्याचा आवाज पहिल्यापासून मोठा, आता तर चार घरं ऐकतील असा झाला होता. "पुस्तकं झाकून ठेवा. धूळ उडणार आहे."

"पुस्तकं आतल्या खोलीत आहेत," मी म्हणालो.

"झाकून ठेवा म्हणतो ना!"

मी झाकून ठेवली.

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि चुका दाखवायच्या. उघड चूक असली की खूण करायची आणि शंका असली की समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह टाकायचं. माझी प्रश्नचिन्हं खुणांपेक्षा नेहमी जास्त असत. एक जुने लेखक मला म्हणाले होते, "तुमची मुद्रितं वाचली की मला माझ्या नावाचीसुद्धा खात्री वाटत नाही." ते चेष्टेने म्हणाले असावेत.

जुन्या फरश्या निघाल्या तेव्हा कारण समोर आलं. मोरीच्या सांडपाण्याचा पाइप सांध्यात फुटला होता. पाणी वर्षानुवर्षं जमिनीखाली झिरपत होतं आणि भराव काळाभोर, भिजलेल्या चहाच्या चोथ्यासारखा झाला होता. प्लंबरने पाइप बदलला. ओली माती आम्ही बाहेर काढली. आम्ही म्हणजे धाकट्याने ठरवलेल्या दोन मजुरांनी. मी घमेली मोजत उभा होतो, पण मोजून करायचं काय ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग नवा भराव. एक थर टाकायचा, पाणी शिंपडायचं, धुम्मस घेऊन ठोकायचं, की पुढचा थर. घाई नाही. धाकटा स्टुलावर बसून मजुरांवर खेकसायचा. "अरे, कणीक तिंबतोस का? जोर लाव! माझी ताई चालणार आहे यावर, मुंगी नाही!"

मी बांधकामाच्या एका पुस्तकात वाचलं होतं, की भराव ठोकल्यावर टाच मारून पाहावी, ठसा उमटला तर पुन्हा ठोकावं. मी एका कोपऱ्यात टाच मारून पाहिली. ठसा उमटला नाही, टाच मात्र संध्याकाळपर्यंत दुखली.

"पुस्तकात टाचेला काय लावायचं ते दिलंय का?" धाकट्याने विचारलं.

भरावावर खडीचा कोबा पडला. तो ओला राहावा म्हणून रोज पाणी मारायचं काम माझ्याकडे आलं आणि मला ते आवडलं. सकाळी अंगणातून नळी आणायची आणि भिंतीकडून दाराकडे सावकाश पाणी सोडत यायचं. राखाडी जमीन गडद व्हायची, पाणी पिऊन पुन्हा फिकी व्हायची. त्या जमिनीला माझ्यासारखीच खात्री व्हायला वेळ लागतो आहे, असं मला वाटायचं. अर्थात हे मी धाकट्याला सांगितलं नाही.

पाणी मारायचे दिवस संपून कोबा सुकल्यावर, बाहेर दव पडतं म्हणून त्याने सिमेंटच्या गोण्या आत आणून मागच्या दाराजवळच्या कोपऱ्यात, कोब्यावरच रचल्या होत्या.

तो माझ्याकडेच राहत होता. स्वयंपाक आम्ही बाहेरच्या पडवीत हलवला होता. एकदा त्याने कुकर लावला आणि शेजारीच सुपारी कातरत बसला. मी आत वाचत होतो. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, तरी गॅस बंद होईना. शेवटी मी बाहेर आलो. तो कुकरपासून हातभर अंतरावर शांतपणे बसला होता.

"किती शिट्ट्या झाल्या?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कुकरकडे, आणि झटक्यात गॅस बंद केला. "मी शिट्ट्या मोजत नाही, भाऊजी. मी वासावर ओळखतो."

भात तळाला लागला होता. आम्ही वरवरचा खाल्ला.

कोबा पुरेसा मुरल्यावर त्यावर वाळू-सिमेंटचा सपाटीचा थर द्यायचा होता. त्यावरच टाइल्स बसणार होत्या. आदल्या संध्याकाळी धाकटा म्हणाला, "भाऊजी, कोबा झाडून घ्या, धुऊन घ्या. धुळीचा कण राहता कामा नये. धूळ राहिली की वरचा थर खालच्याला धरत नाही, नुसता अंथरुणासारखा पडून राहतो." मी झाडलं, धुतलं, पुन्हा झाडलं. गोण्या होत्या तेवढी जागा सोडून.

सकाळी मजुरांनी गोण्या उचलल्या आणि लगेच माल कालवायला घेतला. मी दारातून म्हणालो, "त्या कोपऱ्यात झाडायचं राहिलंय बहुधा."

धाकट्याने उत्तर दिलं नाही. माझ्याकडे पाठ करून तो नळीतल्या पाण्याची पातळी भिंतीवरच्या खुणेशी जुळवत होता. गरज नसेल, असं मला वाटलं. नाहीतर तो बोलला असता.

सपाटीचं काम पाहायला मात्र बहार आली. दोन टोकांना पातळी धरायची, मधे लांब पट्टी ओढायची, जास्तीचा माल पुढे सरकवायचा, खड्डा दिसला तर तिथे चिमूटभर टाकायचा. धाकट्याचे गुडघे कुरकुरत असतील, पण हात नाही. ओट्याकडून मोरीकडे त्याने इतका अलगद उतार दिला की डोळ्यांना दिसू नये, पाण्याला मात्र कळावा. दुपारपर्यंत खोलीभर एक गुळगुळीत, ओलसर जमीन पसरली होती. मला वाटलं, यावर टाइल्स कशाला हव्यात?

आठवडाभर मी त्या थरालाही पाणी दिलं. मग एका दुपारी धाकट्याने परीक्षा घेतली. थापीची मूठ उलटी धरून तो भिंतीपासून भिंतीपर्यंत जमिनीवर ठोकत गेला. मान तिरकी, डोळे मिटलेले, एखादा वैद्य नाडी पाहतो तसा. टक, टक, टक. मी दारात उभा होतो. ओट्यापाशी टक, मधे टक, मोरीजवळ टक. मागच्या दाराच्या कोपऱ्यात डब, डब, डब. पुढे भिंतीशी पुन्हा टक.

तो उठला आणि हात झटकले. "एक नंबर! उद्या सकाळी टाइल्स. ताईला सांगा, बॅग भर म्हणावं."

चाळीस वर्षं या कामात घातलेला माणूस एक नंबर म्हणतो, आणि मी, ज्याने आयुष्यात एक वीटही सरळ ठेवली नाही, तो काय सांगणार? माझेच कान म्हातारे झाले असतील. कोपऱ्यात आवाज तसाच येत असेल. दोन भिंती जवळ आल्या की आवाज घुमत असेलही. मी पुस्तक काढून पाहिलं. त्यात पोकळ आवाजाबद्दल लिहिलं होतं, पण भिंतींबद्दल नव्हतं.

तो आंघोळीला गेल्यावर मी खाली बसलो आणि लाटण्याने वाजवून पाहिलं. इथे टक. तिथे डब. लांबी-रुंदीला एखाद्या गोणीएवढा तुकडा होता. मी खिशातला खडू काढला आणि तिथे लहानसं, पुसट प्रश्नचिन्ह काढलं.

तेवढ्यात फोन वाजला. फोन पडवीत, न्हाणीघराच्या दाराबाहेरच होता, तरी बराच वेळ वाजत राहिला. धाकटा दार उघडून बाहेर आला, फोनच्या शेजारून टॉवेलने डोकं पुसत गेला आणि त्याने साधी मानही वळवली नाही.

तेव्हा मला कळलं. किंवा कळलंच होतं, आता नाकारता येईना.

फोन बायकोचा होता. "झाली का हो जमीन?"

"झाली. उद्या टाइल्स."

"तुम्ही स्वतः वाजवून पाहिलीत?"

"धाकट्याने पाहिली," मी म्हणालो.

"मी तुम्हाला विचारलं," ती म्हणाली. मग मुलीने फोन घेतला. ती रविवारी आईला घेऊन येणार होती. सगळं ठीक वाटलं तर आई राहणार. नाही वाटलं तर आल्या पावली परत, आणि मग हा विषय तिच्याकडून संपला. "बाबा, एकदा टाइल बसली की खालचं काही दिसणार नाही. मी तुमच्या शब्दावर सोडतेय हं."

माझ्या शब्दावर आजवर कुणी काही सोडलं नव्हतं.

सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर कोपऱ्यातलं प्रश्नचिन्ह नव्हतं. त्यावर टाइल्सची खोकी ओढत आणल्याच्या खुणा होत्या. धाकटा बाहेर माल कालवत होता. पहिली रांग मागच्या दारापासूनच सुरू होणार होती. तो घमेलं घेऊन आला.

"भाऊजी, सरका."

मी कोपऱ्यात उभा होतो. "नाही," मी म्हणालो.

"सरका हो! माल घट्ट होतोय."

"इथे पोकळ आहे."

"काय?"

"इथे पोकळ आहे बहुधा."

"पुटपुटू नका हो. काय म्हणता ते नीट सांगा!"

"इथे पोकळ आहे!" मी ओरडलो. इतक्या मोठ्याने मी कधी ओरडलो असेन असं मला आठवत नाही. शेजारीण खिडकीत आली. "काय झालं हो?" तिने विचारलं. "काही नाही, काही नाही," मी खालच्या आवाजात म्हणालो, आणि ती गेली.

धाकट्याने घमेलं खाली ठेवलं. चेहरा लाल झाला होता. "काल मी इंच न् इंच वाजवलीय. तुमच्यासमोर. तुम्ही पुस्तकं वाचून मला जमीन शिकवणार?"

"नाही शिकवत."

"मग?"

मला पुढचं वाक्य बोलायचं नव्हतं. मी त्याच्याजवळ गेलो, कारण ते मला पुन्हा ओरडायचं नव्हतं, आणि निदान हे तरी शेजारणीने ऐकू नये असं वाटत होतं. "कुकर," मी म्हणालो. "आणि कालचा फोन. तू शेजारून गेलास."

तो माझ्या ओठांकडे पाहत होता. मग वळला, कोपऱ्यात गुडघे टेकून बसला आणि थापीच्या मुठीने ठोकू लागला. इकडे ठोकलं, तिकडे ठोकलं, परत इकडे. मान तिरकी केली. दुसऱ्या बाजूने तिरकी केली. मला दोन आवाज स्वच्छ ऐकू येत होते आणि त्याच्या चेहऱ्यावर मात्र काहीच बदलत नव्हतं. ते पाहणं फार कठीण होतं. खोटं बोलावं, भास झाला म्हणावं, असं एकदा मनात आलं. पण बायकोचं पातेलं आठवलं. पडल्यावर ते घरंगळत पार पडवीपर्यंत गेलं होतं.

"हात ठेव," मी म्हणालो. त्याच्या हातातली थापी घेतली आणि त्याचा तळवा धरून जमिनीवर ठेवला. त्याच्या तळव्यापासून वीतभर लांब ठोकलं. टक. मग हात धरून कोपऱ्यात नेला आणि पुन्हा ठोकलं. डब.

त्याने डोळे मिटले. "पुन्हा."

मी पुन्हा ठोकलं.

"परत तिथे." तिथे ठोकलं. "आता इथे."

दोघं म्हातारे असे किती वेळ जमिनीवर बसलो होतो, कुणास ठाऊक. मजूर दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले. शेवटी धाकट्याने तळवा उचलला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"थरथरतंय," तो म्हणाला. "खालून सुटलंय."

"बहुधा," मी म्हणालो.

"बहुधा काय, भाऊजी! सुटलंच आहे. खडू द्या."

मी खडू दिला. तो म्हणाला, "मी नाही, तुम्ही काढा. कुठपासून कुठपर्यंत, ते तुम्हालाच ऐकू येतंय." मी वाजवत गेलो आणि रेघ ओढत गेलो. या वेळी पुसट नाही.

छिन्नी लागली मात्र, वरचा थर खापरीसारखा सहज निघून आला. खाली कोब्यावर राखाडी पूड जमली होती आणि त्या पुडीत गोणीच्या विणीची जाळी जशीच्या तशी उमटली होती. धाकटा तिच्याकडे टक लावून पाहत राहिला. मग एकाएकी हसायला लागला. मोठमोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"गोण्या कोणी ठेवल्या इथे? मी. गोण्या उचलल्यावर झाडायचं कोणी विसरलं? मी. आणि वर मजुरांवर खेकसतोय!"

"मी तेव्हा म्हटलं होतं," मी म्हणालो. "पण हळू म्हटलं होतं."

"तुम्ही तर लग्नाच्या मांडवातही हळूच हो म्हणालात. ताईने दोनदा विचारलं होतं."

कालवलेला माल फुकट गेला. आम्ही त्या तुकड्याच्या कडा सरळ कापून घेतल्या. तळ तारेच्या ब्रशने घासला, धुतला, पुन्हा घासला. सिमेंटचा पातळ लेप देऊन तो ओला असतानाच वर नवा थर भरला. धाकट्याने पट्टी फिरवली, मी आजूबाजूला ओली पोती अंथरली. मग मुलीला फोन केला.

"रविवारी नको. एक कोपरा पुन्हा केलाय. तो मुरायला हवा."

"म्हणजे काम चुकलं? बाबा, मला वाटलंच होतं. राहू दे मग, आई इथेच—"

"चुकलं होतं, ते सापडलं," मी म्हणालो. "मुरलं की मी सांगेन. मी सांगितल्यावर आण."

"बरं," ती म्हणाली. माझा आवाज तिला ओळखीचा वाटला नसावा. मलाही वाटला नाही.

संध्याकाळी चहा पिताना धाकटा कपात पाहत म्हणाला, "ताईला सांगू नका. कानाचं."

"नाही सांगणार."

"काम सोडलं ते त्यामुळेच. गुडघे ठीक आहेत माझे." त्याने उगीचच गुडघ्यावर थाप मारली. "वाजवायचं आणि मान डोलवायची. एखाद-दोन वर्षं तशीच काढली. मग भीती वाटायला लागली."

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

तो कोपरा मुरल्यावर आम्ही दोघांनी पुन्हा सगळी जमीन तपासली. मी ठोकायचो, त्याचा तळवा पुढे सरकायचा. मी मान हलवली की तोही हलवायचा. मगच टाइल्स बसल्या. फिक्या, थोड्या खडबडीत, पाय न घसरणाऱ्या. बायकोनेच निवडलेल्या.

मुलगी आईला घेऊन आली. बायको दारात थांबली आणि वॉकरवर दोन्ही हात टेकून तिने स्वयंपाकघरावरून नजर फिरवली. मग आत आली. वॉकर पुढे, मग एक पाय, मग दुसरा. मुलगी मागे हात पसरून चालत होती. "सोड गं," बायको म्हणाली, "मी काय उडणार आहे?" ओट्यापर्यंत गेली, डबा उघडला, मीठ जागेवर आहे का पाहिलं, झाकण लावलं. मग मागच्या दाराकडे वळली. मुलीने पुन्हा हात पसरले. मीही.

त्या कोपऱ्यात ती थांबली. पायाखाली काही हललं नाही.

धाकटा खिडकीशी, तिच्याकडे डावा खांदा करून उभा होता. तिथूनच ती त्याच्याशी बोलू शकली असती. पण तिने वॉकर उचलला आणि वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेली. त्यासाठी तिला बरीच पावलं जास्त टाकावी लागली. तिथे पोचल्यावर मान वर करून, ओठ नीट दिसतील असं ती बोलली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिला त्याच्या कानांचं आधीपासून माहीत होतं, आणि जमीन मी स्वतः वाजवून पाहिली का, असं तिने त्या दिवशी फोनवर का विचारलं होतं, तेही कळलं.

"धाकट्या, पक्की झाली का रे जमीन?"

त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "मला काय विचारतेस? भाऊजींना विचार. जमीन त्यांनी ऐकलीय."

ती माझ्याकडे वळली. मुलगीही पाहत होती. जिभेवर माझा नेहमीचा शब्द आला होता.

"पक्की आहे," मी म्हणालो.

"बहुधा?" बायकोने विचारलं.

"नाही. पक्की आहे."

मुलीने बाहेर जाऊन गाडीतून आईची बॅग आणली आणि आतल्या खोलीत ठेवली. बायको वॉकर धरून पुन्हा ओट्याकडे निघाली होती. "सगळे असे भिंतीला टेकून काय उभे राहिलात?" ती म्हणाली. "धाकट्या, चहाची भांडी कुठे लपवलीस?"